गुंतवणूक म्हणून दुसरी सदनिका घ्यावी का? घरांच्या परताव्यावरील संशोधन काय सांगते

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याजवळच्या वाकडला ८० लाखांची तयार सदनिका केवळ गुंतवणूक म्हणून घ्यायची आहे, त्यासाठी ६० लाखांचे कर्ज काढायचे आहे आणि उरलेले पैसे व वरखर्च बचतीतून करायचा आहे. विक्री प्रतिनिधी वर्षाला १२ टक्के वाढ सांगतो. शिवाय आपण असे वाचले आहे की दीडशे वर्षांच्या एका जागतिक अभ्यासात घरांनी शेअर बाजाराइतकाच परतावा दिला, तोही कमी जोखमीने. हे खरे मानावे का, असे आपण विचारले आहे.

मी अनेक वर्षे पुण्यात महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले आणि या विषयावरचे शोधनिबंध आवडीने वाचत आलो. आपण ज्या अभ्यासाबद्दल वाचले तो खरा आहे आणि दर्जेदार आहे. मात्र त्याचा जो अर्थ आपल्यापर्यंत पोहोचला, तो मूळ अभ्यासातून निघत नाही.

ऑस्कर जोर्डा, कॅथरिना नॉल, दिमित्री कुव्शिनोव, मोरिट्झ शुलारिक आणि ॲलन टेलर या पाच अर्थशास्त्रज्ञांचा हा निबंध २०१९ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी १६ प्रगत देशांची १८७० ते २०१५ या काळातील आकडेवारी एकत्र केली. महागाई वजा केल्यावर घरांचा एकूण परतावा वर्षाला सरासरी सात टक्क्यांच्या आसपास निघाला, शेअर्सचाही जवळपास तेवढाच निघाला आणि घरांच्या परताव्यातील चढउतार शेअर्सच्या निम्म्याहून कमी दिसले. बातम्यांमध्ये गाजले ते एवढेच. परंतु त्या सात टक्क्यांमधला मोठा वाटा भाड्याचा आहे. घराच्या किमतीतली महागाईपलीकडची वाढ हा त्यातला लहान भाग आहे. म्हणजे ज्या मालकांना हा परतावा मिळाला, त्यांना तो प्रामुख्याने वर्षानुवर्षे हातात पडणाऱ्या भाड्यातून, किंवा स्वतः त्या घरात राहून वाचलेल्या भाड्यातून मिळाला. आपला विक्री प्रतिनिधी जे १२ टक्के सांगतो आहे, ते मात्र निव्वळ किंमतवाढीचे आहेत.

केवळ किमतीचा इतिहास पाहिला तर चित्र फारच निराळे दिसते. ॲम्स्टरडॅममधील हेरेनग्राख्त या कालव्याच्या काठावरची घरे शतकानुशतके श्रीमंतांची आणि मोक्याच्या जागेवरची राहिली. पीट आइखहोल्ट्स यांनी १६२८ ते १९७३ या काळातील त्यांच्या विक्रीच्या नोंदींवरून निर्देशांक तयार केला. महागाई वजा केल्यावर त्या घरांच्या किमती ३४५ वर्षांत सुमारे दुप्पट झाल्या, म्हणजे वर्षाला साधारण ०.२ टक्के. मधल्या काळात दशकेच्या दशके तेजी होती आणि दशकेच्या दशके मंदीही होती. कोणत्याही तेजीच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपले शहर अपवाद आहे असेच वाटले असणार. रॉबर्ट शिलर यांनी अमेरिकेतील घरांसाठी १८९० ते २००४ या काळाचा हिशेब मांडला, तेव्हा तिथेही महागाईपलीकडची वाढ वर्षाला ०.४ टक्क्यांच्या आसपासच आढळली.

यानंतर २०२१ साली दोन निबंध आले, आणि माझ्या मते आपल्यासारख्या गुंतवणूकदाराने जागतिक सरासरीआधी हेच वाचावेत. डेव्हिड चेंबर्स, क्रिस्टोफ स्पेन्येर्स आणि एव्हा स्टाइनर यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथील चार मोठ्या महाविद्यालयांच्या जुन्या हिशेबवह्या उघडल्या. या महाविद्यालयांकडे पिढ्यानपिढ्या शेतजमिनी, दुकाने आणि घरे होती, आणि प्रत्येक मालमत्तेचे भाडे, दुरुस्ती व विक्री यांची नोंद होती. १९०१ ते १९८३ या काळात सर्व खर्च आणि महागाई वजा जाता घरांवरचा परतावा वर्षाला सुमारे २.३ टक्के, तर शेतजमिनींवरचा सुमारे ४.५ टक्के निघाला. दुसऱ्या निबंधात आइखहोल्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिस आणि ॲम्स्टरडॅम येथील प्रत्यक्ष भाडी व विक्री जुळवून पाहिली. तिथे हाच निव्वळ परतावा अनुक्रमे ४ आणि ४.८ टक्क्यांच्या जवळ आला, आणि तो जवळजवळ सगळा भाड्यातूनच आलेला होता.

सात टक्के आणि सव्वादोन टक्के यांत एवढा फरक कसा पडतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण आपण स्वतः हिशेब करताना त्याच ठिकाणी चुकतो. जागतिक अभ्यासात प्रत्येक घराची वही उपलब्ध नव्हती. त्यामुळे संशोधकांनी अलीकडच्या काळातील भाडे आणि किंमत यांचे गुणोत्तर आधार म्हणून घेतले आणि भाड्याचा व किमतीचा असे दोन स्वतंत्र निर्देशांक वापरून ते मागे मागे नेले. या दोन निर्देशांकांपैकी एकात जरी घरांच्या बदलत्या दर्जाची छोटीशी चूक राहिली, तरी शंभर वर्षे मागे जाताना ती साचत जाते. जुन्या घराला नवे स्नानगृह जोडले, मजला चढवला, वीज आणली, तर किंमत वाढते. पण ती वाढ मालकाने खिशातून घातलेल्या पैशांची असते. हिशेबवहीत हा खर्च दिसतो, निर्देशांकात दिसेलच असे नाही. संशोधकांनी देखभाल आणि घसारा वजा केला होता, हे नमूद करणे न्याय्य ठरेल. तरीही अंदाजाने वजा करणे आणि वहीतून वजा करणे यांत अंतर राहतेच.

माझ्या घरातले उदाहरण देतो. वडिलांनी १९९४ साली कोथरूडला साडेचार लाखांना सदनिका घेतली आणि २०२२ साली आम्ही ती ८१ लाखांना विकली. नातेवाइकांमध्ये ‘अठरापट झाले’ असेच बोलले गेले. २८ वर्षांत अठरापट म्हणजे वर्षाला १०.९ टक्के. त्या काळातील महागाई वर्षाला सहा ते सात टक्के होती, म्हणजे खरी किंमतवाढ चार टक्क्यांच्या आसपास. हेरेनग्राख्तच्या तुलनेत ही वाढ फार मोठी आहे, यात शंका नाही. सेन्सेक्स १९९४ च्या मध्यात चार हजारांच्या जवळ होता आणि २०२२ च्या मध्यात पंचावन्न हजारांच्या जवळ. म्हणजे लाभांश सोडून वर्षाला दहा टक्क्यांहून थोडे कमी. त्या मोजपट्टीवर वडिलांचा निर्णय चांगलाच ठरला.

पण ती वाढ आली कुठून, हे पाहिले तर पुढच्या २८ वर्षांबद्दल काही शिकता येते. १९९४ साली त्या इमारतीत तशाच सदनिकेला महिना दोन हजार रुपये भाडे मिळत होते, म्हणजे किमतीच्या ५.३ टक्के. २०२२ साली भाडे वीस हजार होते, म्हणजे किमतीच्या तीन टक्क्यांहून किंचित कमी. भाडे दसपट झाले, किंमत अठरापट झाली. भाडे वर्षाला साडेआठ टक्क्यांनी वाढले आणि उरलेली दोन-सव्वादोन टक्क्यांची वाढ ही केवळ लोक त्याच भाड्याच्या घरासाठी जास्त पैसे मोजायला तयार झाले म्हणून आली. उदारीकरणानंतर वाढलेले पगार, सुलभ झालेले गृहकर्ज आणि उतरलेले व्याजदर ही त्यामागची कारणे आहेत. ही कारणे एकदा घडून गेली आहेत. पाच टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आलेले भाडे-किंमत गुणोत्तर पुढील पिढीत दीड टक्क्यावर येईल असे गृहीत धरल्याशिवाय तीच वाढ पुन्हा मिळत नाही, आणि असे गृहीत धरायला मला कोणताही आधार दिसत नाही.

आता आपल्या सदनिकेचा हिशेब. तयार घर आणि पूर्णत्वाचा दाखला असल्यामुळे जीएसटी लागणार नाही. मुद्रांक शुल्क सात टक्के धरले तर ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी शुल्क ३० हजार. म्हणजे पहिल्याच दिवशी आपला खर्च सुमारे ८६ लाख झाला, आणि त्यातले २६ लाख आपल्या बचतीतले. भाडे महिना २२ हजार मिळेल असे आपण लिहिले आहे. वर्षाचे २ लाख ६४ हजार. त्यातून सोसायटीची देखभाल वर्षाला ४० हजार, घरपट्टी १५ हजार, दोन भाडेकरूंच्या मध्ये घर रिकामे राहणे आणि दलाली मिळून सरासरी एका महिन्याचे भाडे, आणि रंगकाम-नळदुरुस्तीसाठी १२ हजार वजा केले, तर हातात १ लाख ७५ हजार उरतात. खर्चाच्या प्रमाणात हे दोन टक्के होतात. प्राप्तिकर मी अजून धरलेलाच नाही.

६० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के दराने आणि वीस वर्षांच्या मुदतीने हप्ता ५२ हजारांच्या आसपास येईल, आणि पहिल्या वर्षी त्यातले सुमारे ५ लाख ५ हजार निव्वळ व्याज असेल. भाडे वजा जाता ३ लाख ३० हजारांची तूट राहते. आपले २६ लाख मुदत ठेवीत ठेवले असते तर सात टक्क्यांनी १ लाख ८२ हजार मिळाले असते, तेही गमावले. एकूण ५ लाख १२ हजार. म्हणजे सदनिकेची किंमत दरवर्षी ६.४ टक्के वाढली, तरच आपण मुदत ठेवीच्या बरोबरीला येता, आणि मुद्रांक शुल्कात गेलेली रक्कम तरीही वसूल व्हायची राहते. १२ टक्के वाढ झाली तर कर्जामुळे आपला फायदा फार मोठा होईल, हे खरे आहे. पण चार टक्के वाढ झाली तर त्याच कर्जामुळे तोटाही तसाच मोठा होईल.

चार टक्के हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. रिझर्व्ह बँक मोठ्या शहरांतील नोंदणीच्या आकडेवारीवरून घरांच्या किमतींचा तिमाही निर्देशांक काढते. २०२० ते २०२३ या काळात त्याची वार्षिक वाढ बहुतेक तिमाहींमध्ये एक ते पाच टक्क्यांच्या दरम्यान, म्हणजे महागाईच्या खालीच राहिली. हा निर्देशांक निर्दोष नाही. नोंदणीतली किंमत आणि प्रत्यक्षात दिलेली किंमत यांतले अंतर आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. रोखीचा वाटा कमी होत जातो तशी नोंदलेली किंमत खऱ्या किमतीहून अधिक वेगाने वाढलेली दिसते. याचा अर्थ खरी वाढ आकड्यापेक्षा कमीही असू शकते. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ २००७ पासून निघतो, पण त्याची पद्धत आणि पायाभूत वर्ष अनेकदा बदलल्यामुळे दीर्घकालीन मालिका म्हणून तो वापरणे अवघड आहे. भारतातील घरांच्या शंभर वर्षांच्या परताव्याचा विश्वासार्ह अभ्यास मी पाहिलेला नाही, त्यामुळे परदेशी निष्कर्ष इथे जसेच्या तसे लावणारा कोणीही, मीसुद्धा, सावधपणेच बोलला पाहिजे.

जोखीम कमी असल्याचा जो दावा आहे, त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण नुकसान बहुधा इथेच होते. त्या अभ्यासातील कमी चढउतार हे संपूर्ण देशाच्या सरासरीचे आहेत. आपण देशाची सरासरी विकत घेत नाही. एका रस्त्यावरची, एका इमारतीतली, एका मजल्यावरची सदनिका घेतो. मार्को जाकोलेत्ती यांनी कॅलिफोर्नियातील पुन्हा पुन्हा विकल्या गेलेल्या घरांवरून दाखवले की एखाद्या विशिष्ट घराची अशी वैयक्तिक जोखीम मोठी असते, आणि तिचा बराचसा भाग खरेदीच्या व विक्रीच्या क्षणाशी जोडलेला असतो: त्या आठवड्यात कोणता गिऱ्हाईक आला, विकणारा किती घाईत होता. म्हणून अधिक काळ घर धरून ठेवल्याने ती सहजासहजी विरून जात नाही. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २०१३ साली मी पुण्याच्या पूर्वेला एका बांधकाम प्रकल्पात सदनिका नोंदवली. ताबा २०१६ ला मिळणार होता, तो २०१९ ला मिळाला. त्या सहा वर्षांत हप्ता चालू होता आणि भाडे शून्य. शेजारच्या प्रकल्पात वेळेवर ताबा मिळालेल्या माणसाचा आणि माझा परतावा कोणत्याही निर्देशांकात एकच दिसला असता.

रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या तरुण रामदोराई समितीने २०१७ साली नोंदवले की सरासरी भारतीय कुटुंबाची ८४ टक्के संपत्ती स्थावर मालमत्ता आणि इतर भौतिक वस्तूंमध्ये आहे, ११ टक्के सोन्यात आणि केवळ ५ टक्के वित्तीय स्वरूपात. राहते घर पुण्यात, नोकरी पुण्यात आणि दुसरी सदनिकाही पुण्यात असेल, तर हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत मंदी आली की पगार, भाडेकरू आणि किंमत या तिन्हींवर एकाच वेळी परिणाम होतो.

घराची किंमत स्थिर भासते त्याचे आणखी एक कारण असे की तिचा भाव रोज कोणी सांगत नाही. डेव्हिड गेल्टनर यांनी व्यापारी मालमत्तांच्या निर्देशांकांविषयी दाखवले की मूल्यांकन करणारा माणूस मागच्या मूल्यांकनाला धरून चालतो, त्यामुळे चढउतार कागदावर गुळगुळीत होतात. घरांच्या बाबतीत हेच काम विक्रेता करतो. डेव्हिड जेनसोव्ह आणि क्रिस्टोफर मेयर यांनी १९९०च्या दशकातील बॉस्टनच्या सदनिकांचा अभ्यास केला. ज्यांना तोट्यात विकावे लागणार होते, त्यांनी अपेक्षित तोट्याच्या २५ ते ३५ टक्क्यांइतकी रक्कम वाढवून किंमत मागितली, आणि त्यांची घरे अधिक काळ विक्रीविना पडून राहिली. २०१४ नंतर पुण्यातही असेच होते. भाव पडले असे कोणी म्हणत नव्हते. गिऱ्हाईक नाही असे म्हणत होते. या दोन वाक्यांचा अर्थ एकच आहे, हे पैशांची गरज पडलेल्या माणसालाच कळत होते.

आता जमिनीविषयी. नॉल, शुलारिक आणि थॉमस स्टेगर यांनी १४ देशांच्या आकडेवारीवरून २०१७ साली दाखवले की दुसऱ्या महायुद्धानंतर घरांच्या किमतींत झालेल्या वाढीपैकी सुमारे ८० टक्के वाढ जमिनीच्या किमतीमुळे झाली. बांधकाम जुने होते, वाढते ती जमीन. सदनिकाधारकासाठी याचा अर्थ फार व्यावहारिक आहे: आपल्या इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? अभिहस्तांतरण, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीला देणारा दस्त, झालेले नसेल आणि बिल्डर तो करत नसल्यास सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायच्या मानीव अभिहस्तांतरणाचा अर्जही केलेला नसेल, तर ज्या गोष्टीची किंमत वाढणार ती कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर आहे. शिवाय उंच इमारतीत प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला येणारी जमीन थोडीच असते. अल्बर्ट सैझ यांनी अमेरिकेतील महानगरांबाबत सिद्ध केले की जिथे पाणी आणि डोंगर यांमुळे बांधकामाला जागा कमी, तिथे पुरवठा सहज वाढत नाही आणि किमती अधिक चढतात. मुंबईचे बेट हे त्याचे आपल्याजवळचे उदाहरण ठरावे. वाकडच्या पुढे मात्र ताथवडे, पुनावळे, रावेत अशी शेतजमीन बिगरशेती होत गेली, आणि आपली सदनिका दहा वर्षांनी विकायला काढाल तेव्हा तिची स्पर्धा त्यापलीकडच्या कोऱ्या इमारतींशी असेल.

घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. राहण्यासाठी पहिले घर घेणे हा वेगळा निर्णय आहे. टॉड सिनाई आणि निकोलस सूलेलेस यांनी मांडले आहे की स्वतःचे घर हे पुढील अनेक वर्षांच्या अनिश्चित भाड्यापासूनचे संरक्षण असते. अकरा महिन्यांच्या करारावर मुलांची शाळा सांभाळत घरे बदललेल्या कोणालाही हे पटेल. हप्त्यामुळे होणारी सक्तीची बचतही खरी असते. आसाफ बर्नस्टीन आणि पीटर काउडेस यांनी नेदरलँड्समध्ये २०१३ साली मुद्दल फेडणे जवळपास बंधनकारक झाल्यानंतरच्या कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की लोकांनी इतर बचत फारशी कमी केली नाही, त्यांची एकूण संपत्ती वाढली. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, त्याला हप्ता उपयोगी पडतो. परंतु आपण नियमित बचत करता असे आपल्या प्रश्नावरून दिसते, आणि राहते घर आपल्याकडे आहेच. त्यामुळे ही दोन्ही कारणे आपल्याला लागू होत नाहीत, आणि सध्याच्या किमतीला ही सदनिका घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही निर्णय माझ्या मतावर घेऊ नये. किंमतवाढ मोजण्याची सर्वांत विश्वासार्ह साधी रीत १९६३ साली बेली, मथ आणि नॉर्स यांनी मांडली आणि पुढे केस व शिलर यांनी प्रसिद्ध केली: तेच घर दोनदा विकले गेले असेल, तर त्या दोन किमतींची तुलना करायची. हे आपल्यालाही करता येते. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर गाव आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, पाहता येते. आपण घेणार आहात त्याच परिसरातील दहा-बारा वर्षांपूर्वीची एक इमारत निवडावी, आणि जी सदनिका तेव्हा बिल्डरकडून घेतली गेली व अलीकडे पुन्हा विकली गेली अशा पाच-सहा जोड्या शोधाव्यात. दोन्ही तारखा आणि दोन्ही मोबदला रकमा इथे लिहिल्यात, तर प्रत्येकीचा वार्षिक दर आणि महागाईनंतरचा दर मी काढून देईन. मग त्यांच्याशेजारी विक्री प्रतिनिधीचे १२ टक्के ठेवून पाहता येतील.